सबनेटिंग येतं, पण वेळेत येत नाही (सीसीएनए)

रातपाळी | सोमवार, पहाटे ४:१२

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

डिप्लोमा होऊन दीड वर्ष झालं. ऐरोलीला एका एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणारी खोली) रात्रपाळी करतो. काम काय, तर पडद्यावर हिरव्याचं लाल झालं की तिकीट उघडायचं आणि वरच्या माणसाला फोन करून उठवायचं. नुसता उठवणारा म्हणून राहायचं नसेल तर सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा, क्रमांक २००-३०१) कर, असं जो तो सांगतो. तारीख घेतलीय. पाच आठवडे उरलेत. फी ३०० डॉलर अधिक कर, म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार, त्यामुळे ‘नापास झालो तर पुन्हा देऊ’ हा प्रकार परवडणारा नाही.

गाडी अडलीय सबनेटिंगला, म्हणजे एका नेटवर्कचे पत्ते छोट्या तुकड्यांत (सबनेट) वाटण्याच्या गणिताला. येत नाही असं नाही, वेळ लागतो. कालचंच उदाहरण: १९२.१६८.१०.७७/२७ (/२७ म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांतले पहिले २७ नेटवर्कचे). नेटवर्क कुठलं, ब्रॉडकास्ट (तुकड्यातल्या सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता) कुठला? मी ७७ बायनरीत लिहिले, ०१००११०१. त्याखाली मास्क (नेटवर्कचे बिट एक, बाकीचे शून्य), १११०००००. दोघांचं अँड केलं (दोन्हीकडे एक असेल तरच एक), ०१००००००, म्हणजे ६४. मग शेवटचे पाच बिट एक करून ९५. उत्तर बरोबर. घड्याळ बघितलं तर सव्वाचार मिनिटं. पेपर १२० मिनिटांचा, कॅल्क्युलेटर नाही, आणि एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. या वेगाने मी अर्धा पेपर कोराच ठेवणार.

दुसरी शंका. एका सीनियरच्या झेरॉक्स नोट्स वापरतोय. त्यात लिहिलंय की सबनेटसाठी मशीनच्या भागातले दोन बिट उसने घेतले की दोनच सबनेट मिळतात, चारातून दोन वजा करायचे. व्हिडिओवाले सांगतात, चार. कोणाचं धरू?

तिरकस | सोमवार, सकाळी ९:३०

प्लेस्टोअरवर सबनेट कॅल्क्युलेटर फुकट आहे, दोन सेकंदांत उत्तर देतो. प्रत्यक्ष कामात सगळे तोच वापरतात. परीक्षेपुरतं घोका आणि विसरून जा. तसंही आयपीव्ही६ (नवे, लांबलचक पत्ते) आल्यावर हे सगळं रद्दीत जाणार.

सातबारा | सोमवार, सकाळी ११:०५

तिरकसराव, परीक्षेच्या खोलीत मोबाइल लॉकरमध्ये असतो. तेवढं जाऊ द्या.

रातपाळी, माझ्या डोक्यात हे शेतावरून बसलं, बघ तुला पटतंय का. आजोबांच्या नावे एक गट होता. दोन मुलांत वाटणी झाली, पोटहिस्से पडले, मध्ये एक बांध आला. पुढे नातवंडांत वाटणी झाली, आणखी बांध. बांधावर पीक येत नाही. सबनेटचं तसंच: प्रत्येक तुकड्याचा पहिला पत्ता नेटवर्कच्या नावाला जातो, शेवटचा ब्रॉडकास्टला. /२४ एकसंध ठेवलं तर २५४ मशीन बसतात. त्याचे चार /२६ केले की ६२ चोक २४८. सहा पत्ते बांधात गेले. वाटण्या जितक्या जास्त तितकी नासधूस जास्त, पण भावाची ढोरं आपल्या शेतात येत नाहीत. ब्रॉडकास्टचा गोंगाट आपल्या तुकड्यापुरता राहतो, हाच वाटणीचा फायदा.

चंद्रकोर | सोमवार, दुपारी १:४०

बांधाचं आवडलं, पण शेताची उपमा एका जागी दगा देते आणि नेमकी मुलं तिथेच पडतात. शेत कुठेही कापता येतं. थोरल्याला सव्वा एकर, धाकट्याला पाऊण. सबनेट असं कापता येत नाही. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं, बस.

म्हणून मी लॅबमध्ये (नाशिकला, बारा वर्षं हेच शिकवतेय) भाकरी सांगते. अख्खी भाकरी म्हणजे /२४, २५६ पत्ते. अर्धी म्हणजे /२५, १२८ पत्ते. चतकोर म्हणजे /२६, ६४ पत्ते. चतकोराच्या अर्ध्याला आमच्या घरी नितकोर म्हणतात, ती /२७, ३२ पत्ते. पुढे १६, ८, ४. तुकडा पडायचा तो मागच्या घडीवरच, कुठूनही लचका तोडायचा नाही. त्यामुळे चतकोर सुरू होण्याच्या जागा चारच: ०, ६४, १२८, १९२. शंभरपासून सुरू होणारा चतकोर जगात कुठे नाही.

आता तुझं ७७/२७ घे. नितकोर, म्हणजे ३२ चा पाढा: ०, ३२, ६४, ९६. थांब. ७७ कशात बसले? ६४ आणि ९६ च्या मध्ये. नेटवर्क ६४. पुढचं नेटवर्क ९६, त्याच्या एक अलीकडे ९५, तो ब्रॉडकास्ट. मशीनना ६५ ते ९४. झालं. बायनरी लिहिलंस कुठे?

बायनरी वाईट नाही. अँड का करतात हे एकदा कळायलाच हवं, कारण मशीन खरोखर तेच करतं. पण कळल्यावर दरवेळी पायापासून घर बांधायचं नसतं. माझ्याकडे दरवर्षी दोनतीन मुलं अशी असतात की आठ-आठ बिटांच्या सुंदर चौकटी आखतात, पट्टीने रेघा मारतात आणि घंटा होते.

पेपर सुरू झाला की खोडता येणाऱ्या पाटीवर दोन ओळी लिही. वर मास्क: १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५. बरोब्बर खाली ब्लॉक: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. ब्लॉक पाठ करायचीही गरज नाही, २५६ मधून मास्क वजा केला की तोच येतो. अर्धं मिनिट जातं.

नोट्सबद्दल रात्री लिहिते, आत्ता प्रॅक्टिकल आहे.

निवृत्तकाका | सोमवार, दुपारी ३:१५

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, तुमचं हे आयपी प्रकरण आमच्या काळात नव्हतं. पण पाढ्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ असायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो म्हणताना जीभ वळायची नाही आणि वळली नाही की छडी. त्यामानाने तुमचा बत्तिसाचा पाढा सातव्या पायरीला २२४ वर संपतो. चौसष्टाचा तर तिसऱ्या पायरीला, १९२ वर. आंघोळीचं पाणी तापेपर्यंत होईल. लिहून नको, मोठ्याने म्हण.

तिरकस | सोमवार, दुपारी ३:४०

काका, छडी तुमच्याकडेच ठेवा.

चंद्रकोर | सोमवार, रात्री १०:२०

नोट्स. त्या चुकीच्या नाहीत, जुन्या आहेत. सबनेटिंगचा नियम आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा कागद) ९५० मध्ये आला, १९८५ साली. त्यात पहिला (सगळे शून्य) आणि शेवटचा (सगळे एक) सबनेट वापरू नये असं होतं. कारण तेव्हाचे राउटर एकमेकांना मार्ग सांगताना मास्क सांगतच नसत. १७२.१६.०.० असं आलं, तर ते अख्खं नेटवर्क की त्यातला पहिला तुकडा, हे ओळखायला काही खूणच नाही. वडील आणि थोरला मुलगा एकाच नावाचे, आणि पत्रावर नुसतं नाव. १९९३ ला सीआयडीआर आलं, मास्क पत्त्याबरोबर फिरायला लागला, अडचण संपली. सिस्कोच्या राउटरमधल्या आयओएस प्रणालीतही १२.० आवृत्तीपासून पहिला सबनेट आपोआप चालतो.

तेव्हा उसने बिट दोन, सबनेट चार. वजा दोन फक्त मशीन मोजताना. त्या झेरॉक्सवर मोठी फुली मार आणि पुढच्या ज्युनियरला देऊ नकोस.

रातपाळी | मंगळवार, पहाटे ३:३५

चंद्रकोरताई, सातबारादादा, काका, सगळ्यांना दंडवत. बत्तिसाचा पाढा पँट्रीत म्हटला, सिक्युरिटीवाला डोकावून गेला.

आता १५ गणितं केली. सरासरी ५० सेकंद. पण ती सगळी चौथ्या आकड्यातली होती. १७२.१६.४५.२००/२० आलं आणि पुन्हा घाम फुटला.

सातबारा | मंगळवार, सकाळी ८:५०

/२० म्हणजे दोन आकडे पूर्ण (१६ बिट) आणि तिसऱ्यातले चार. म्हणून खेळ तिसऱ्या आकड्यात, चौथ्याकडे बघायचंच नाही. ते २०० तुला गोंधळवायला टाकलेत. चार बिटांचा मास्क २४०, ब्लॉक १६. ०, १६, ३२, ४८. ४५ बसले ३२ मध्ये. नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४८.२५५.

चंद्रकोर | मंगळवार, सकाळी ९:१०

४७.२५५.

सातबारा | मंगळवार, सकाळी ९:१२

हो, ४७.२५५. लोकलमध्ये उभ्याने लिहिलं. पण राहू दे ती चूक तशीच, परीक्षेत सगळ्यात जास्त हीच होते. ४८ हे शेजाऱ्याचं घर आहे, आपलं त्याच्या एक आधी संपतं. मशीन ३२.१ ते ४७.२५४, एकूण ४०९४.

रातपाळी | बुधवार, पहाटे २:५०

थांबा थांबा. मग १७२.१६ ते १७२.३१ हे खासगी (आतल्या आत वापरायचे) पत्ते म्हणून घोकून ठेवले होते ते यामुळेच का? पुस्तकात १७२.१६.०.०/१२ लिहिलंय. /१२ म्हणजे दुसऱ्या आकड्यातले चार बिट, ब्लॉक १६, सोळाला सुरू, बत्तीसला पुढचा, म्हणून ३१ ला शेवट! दीड वर्ष हे ‘१६ ते ३१’ फोन नंबरासारखं पाठ केलं होतं.

चंद्रकोर | बुधवार, सकाळी ७:३०

तेच. आता मोबाइल डेटावर असताना फोनला मिळालेला पत्ता बघ. १०० ने सुरू होत असेल तर दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये आहे का ते तपास. १००.६४.०.०/१०, हा तुकडा २०१२ साली टेलिकॉम कंपन्यांसाठी बाजूला काढला, एका बाहेरच्या पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवायला. /१० म्हणजे ब्लॉक ६४. चौसष्टपासून चौसष्ट पुढे, १२७ ला संपला.

यातच तिरकस यांच्या आयपीव्ही६ चं उत्तर आहे. सध्याच्या आयपीव्ही४ पत्त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे पाच /८ तुकडे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले. आपल्या आशिया-पॅसिफिकचा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या /८ वर आला, तेव्हापासून हात आखडून वाटप. तरीही आज कुठल्याही ऑफिसात जा, आत १०. नाहीतर १९२.१६८. दिसणारच. खासगी पत्त्यांचं आरएफसी १९१८ निघालं १९९६ ला. जुनी खोड सहज जात नाही.

तिरकस | बुधवार, सकाळी ११:००

माघार घेत नाही, पण १००.६४ चं माहीत नव्हतं. माझ्या फोनवर १००.९१ दिसतंय. धागा वाखूसा (वाचनखूण साठवली).

रातपाळी | गुरुवार, पहाटे ४:३०

पॅकेट ट्रेसरमध्ये (नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर) आज दोन लाथा खाल्ल्या.

सराव असा: १९२.१६८.५०.०/२४ मधून एका विभागाला १०० मशीन, दुसऱ्याला ५०, तिसऱ्याला २५, आणि दोन राउटर-राउटर जोड, प्रत्येकी दोन पत्ते. मी १०० वाल्यांना /२५ दिला. मग विचार केला, शंभर लोक १०० पर्यंत संपले, तर ५० वाल्यांना १०१ पासून सुरू करू. राउटरच्या दुसऱ्या पोर्टला १९२.१६८.५०.१०१ आणि /२६ चा मास्क टाकला. तो म्हणतो, १९२.१६८.५०.६४ हे पहिल्या पोर्टशी ‘ओव्हरलॅप्स’. मी ६४ टाकलंच नव्हतं! मग भाकरी आठवली. १०१ कुठल्या चतकोरात? ६४ ते १२७ च्या. आणि तो चतकोर आधीच शंभरवाल्यांच्या अर्ध्या भाकरीत गेलेला.

मग शहाणा होऊन पोर्टला १२८ दिला. आता ‘बॅड मास्क’. चूक कळायला दहा मिनिटं गेली. १२८ हे नेटवर्कचंच नाव, ते पोर्टला कसं चालेल. १२९ दिल्यावर गप्प बसला.

शेवटी जमलं ते असं: १०० ला ०/२५, ५० ला १२८/२६, २५ ला १९२/२७, जोडांना २२४/३० आणि २२८/३०. २३२ पासून पुढे शिल्लक.

चंद्रकोर | गुरुवार, सकाळी ८:१५

शाब्बास. दोन पुरवण्या.

एक, ‘मोठा आधी’ हा नियम सगळे वेदवाक्य म्हणून सांगतात. तसं नाही. उलटं करून बघ: जोडांना ०/३० आणि ४/३०, २५ ला ३२/२७, ५० ला ६४/२६, १०० ला १२८/२५. हेही बसतं, कारण प्रत्येक तुकडा आपापल्या घडीवर आहे. मोठा आधी घेतला की मध्ये भोकं पडत नाहीत आणि डोकं कमी लागतं, एवढंच.

दोन, जोडाला /३१ ही चालतो. तिथे दोनच टोकं, ब्रॉडकास्ट ऐकवायचा कोणाला? २००० सालच्या आरएफसी ३०२१ ने ती मुभा दिली. प्रश्नात ‘कमीत कमी पत्ते वाया’ असं असेल आणि पर्यायात /३१ असेल तर दचकू नकोस.

सातबारा | गुरुवार, रात्री ९:४५

कामात याचा उपयोग काय असं तिरकसरावांनी मागे सुचवलं होतं, म्हणून एक किस्सा.

एका गोडाऊनच्या ऑफिसात सपोर्टला गेलो होतो. तक्रार: प्रिंटर निम्म्या लोकांचं ऐकतो. डिस्पॅचवाल्यांच्या प्रिंट धडाधड निघतात, अकाउंटवाल्यांची एक निघत नाही. आधी आलेल्या दोघांनी ड्रायव्हर बदलला, केबल बदलली, एकाने टोनरसुद्धा. अकाउंटच्या बाई तर म्हणाल्या, डिस्पॅचवाल्यांनीच काहीतरी करून ठेवलंय.

ऑफिस सगळं १९२.१६८.१.०/२४. प्रिंटरला १४०, हाताने टाकलेला. मी प्रिंटरच्याच बटणांनी त्याचं नेटवर्कचं पान छापलं. मास्क २५५.२५५.२५५.१२८. म्हणजे प्रिंटरच्या लेखी आपली भावकी १२८ पासून २५५ पर्यंत. डिस्पॅचच्या मशीन होत्या १५० ते १८०, त्या घरच्या. अकाउंट होतं २० ते ६० मध्ये, ते परके. परक्याला उत्तर द्यायचं तर गेटवेकडे (तुकड्याबाहेर जायचं दार) द्यावं लागतं, आणि गेटवे होता १. तोसुद्धा बांधापलीकडे! बिचारा ऐकत होता, पण उत्तर द्यायला वाटच नाही. १२८ खोडून ० केला, प्रिंटर बंद-चालू केला, आणि दोन दिवसांची तुंबलेली चलनं एकामागून एक पडायला लागली. बाईंनी चहा मागवला.

कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये होताच हो. पण कशात काय टाकायचं हे तो सांगत नाही.

निवृत्तकाका | शुक्रवार, सकाळी ६:५०

अवांतर: सबनेटला मराठीत ‘पोटजाळे’ म्हणावं का?

तिरकस | शुक्रवार, सकाळी ९:०५

काका, ‘माझं पोटजाळं चुकलं’ असं सांगितलं तर वरिष्ठ सिक लीव्ह मंजूर करतील.

चंद्रकोर | शुक्रवार, सकाळी ९:३०

😄 सबनेटच राहू द्या.

रातपाळी, आता नुसती ‘नेटवर्क काढा’ गणितं बंद. पेपरात ते असं उघडं विचारतीलच असं नाही, दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात लपवतात. एसीएल (कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं याची यादी) किंवा ओएसपीएफमध्ये (राउटरांनी एकमेकांना मार्ग सांगायची पद्धत) वाइल्डकार्ड लागतो: मास्कचा प्रत्येक आकडा २५५ मधून वजा करायचा. /२७ चा ०.०.०.३१, /२० चा ०.०.१५.२५५. लक्षात घे, तो ब्लॉकपेक्षा एकने कमी असतो. ३२ लिहून आलेली मुलं मी पाहिलीत.

आणि राउटिंग टेबल (कुठल्या पत्त्याला कुठल्या मार्गाने जायचं याची यादी). हे घे, घड्याळ लावून सोडव. राउटरकडे तीन मार्ग आहेत: १०.१.०.०/१६, १०.१.३२.०/१९ आणि १०.१.४०.०/२१. पॅकेट निघालंय १०.१.४८.९ कडे. कुठल्या मार्गाने जाईल?

तिरकस | शुक्रवार, सकाळी १०:२०

४८ ला सगळ्यात जवळचा ४०. शिवाय /२१ सगळ्यात लांब. तोच.

तिरकस | शुक्रवार, सकाळी १०:२६

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकणं) करता येत नाहीये. असू दे.

रातपाळी | शनिवार, पहाटे ५:०५

२८ सेकंद. पाटी न वापरता.

/२१ म्हणजे तिसऱ्या आकड्यातले पाच बिट, ब्लॉक ८. ४० ला सुरू, ४७ ला संपला. ४८ एका पावलाने बाहेर. /१९ चा ब्लॉक ३२, म्हणजे ३२ ते ६३, त्यात ४८ बसतो. /१६ मध्ये तर बसतोच, पण दोन्ही बसत असताना लांब प्रीफिक्स (/ पुढचा मोठा आकडा) जिंकतो. म्हणून /१९.

मघाशी एका शाखेचा कॅमेऱ्याचा रेकॉर्डर लाल झाला. नेहमीसारखा फोन उचलून वरच्याला उठवणार होतो, पण सातबारादादांचा प्रिंटर आठवला. म्हटलं आधी स्वतः बघू. साइटच्या फाइलमध्ये पत्ता बघितला, मास्क बघितला, ब्लॉक मोजला, गेटवे त्याच तुकड्यात आहे ना ते ताडलं. सगळं जिथल्या तिथे. अर्धा तास हुशारी करून मग तिथल्या वॉचमनला फोन लावला. तो म्हणाला, साहेब, मागची वायर लोंबतेय, दाबू का?

दाबली. हिरवं झालं.